मुद्रित मंडल फलक, चाचणी उपकरणांचे

मुद्रित मंडल फलक, चाचणी उपकरणांचे : विद्युत् निरोधक फलकावर तांब्याच्या वर्खाचे पट्टे राखून त्यांच्या योगाने रोधक, धारित्र, ट्रँझिस्टर इ. घटक एकमेकांस जोडलेले असतात, अशा फलकास मुद्रित मंडल फलक म्हणतात. रेडिओ ग्राहीसारख्या सामान्य उपकरणात हा फलक मुख्यतः जोडणीचे व आधाराचे काम करतो. विद्युत् दाबमापक, संकेतजनित्र, दोलनदर्शक यांसारख्या चाचणी उपकरणांत मात्र पट्ट्यांचा रोध, त्यांच्यामधील धारणा व फलकाच्या पृष्ठभागावरून होणारी गळती ही प्रत्यक्ष मापनात मिसळतात. त्यामुळे येथे फलक हा मापकाचाच एक घटक ठरतो. स्वतः बनविलेल्या चाचणी उपकरणाची विश्वसनीयता त्यात वापरलेल्या घटकांइतकीच फलकाच्या आराखड्यावरही अवलंबून असते.

ऐतिहासिक आढावा : दुसऱ्या महायुद्धापूर्वी इलेक्ट्रॉनीय उपकरणे धातूच्या सांगाड्यावर नलिका बसवून व तारा हाताने डाखून तयार करीत. एकाच आकृतीवरून दोन कारागिरांनी बनविलेली दोन उपकरणे पुष्कळदा सारखी वागत नसत, कारण तार कोठून व किती लांबीची न्यावयाची हे आकृतीत दाखविलेले नसे. सपाट धातुपट्ट्यांनी जोडणी करण्याच्या कल्पनेची एकस्वे १९०३ मध्ये आल्बर्ट हॅन्सन व १९२५ मध्ये चार्ल्स ड्यूकस यांनी मांडली होती. तथापि आजच्या फलकाचा पाया व्हिएन्नात जन्मलेले अभियंते पाउल आइसलर (१९०७–९२) यांनी घातला. १९३६ मध्ये ते इंग्लंडमध्ये आले व त्या सुमारास त्यांनी मुद्रित मंडल असलेला रेडिओ ग्राही बनविला. निरोधकावर चिकटविलेल्या तांब्याच्या वर्खावर नको असलेला भाग रासायनिक रीतीने खोदून काढावयाचा, ही त्यांची पद्धत मुद्रण व्यवसायातील ठसे बनविण्याच्या रीतीशी मिळतीजुळती होती. महायुद्धात अमेरिकेत तोफगोळ्यांच्या सामीप्य-स्फोटकयंत्रणेसाठी मुद्रित मंडले मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली. १९४९ च्या सुमारास अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन विभागातील मो अब्रॅमसन व स्टॅनिस्लाउस डँको यांनी घटकांची टोके फलकातील भोकांतून घालून ती सर्व एकदम डाखण्याची पद्धत विकसित केली. ट्रँझिस्टरांच्या प्रसारानंतर फलकाचा वापर सर्वत्र रूढ झाला.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात चांगली मापन उपकरणे बहुतांशी परदेशांतून येत. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण होऊन आयातीवर कडक नियंत्रणे आली. इलेक्ट्रॉनिकीत मापन उपकरणाशिवाय दुसरे उपकरण तपासता येत नाही. त्यामुळे मापक बनविता येणे ही या क्षेत्रातील स्वावलंबनाची पहिली अट ठरली.

मुंबई व तिचा परिसर यांत या दृष्टीने महत्त्वाचे काम झाले. तुर्भे येथील ‘अप्सरा’ हा अणुकेंद्रीय विक्रियक ४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रांतिक झाला. त्याची नियंत्रक इलेक्ट्रॉनीय यंत्रणा अय्यगारी सांबशिव राव यांच्या नेतृत्वाखाली देशातच तयार करण्यात आली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या व १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात सु. २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोधक होते. एवढ्या घटकांच्या जुळणीतील एखादा दोष शोधून काढणे हे मापनाचेच काम होते. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ मध्ये नेमलेल्या इलेक्ट्रॉनिकी समितीचा अहवाल १९६६ मध्ये सादर झाला. तुर्भे येथील अनुभवाच्या आधारे १९६७ मध्ये हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन करण्यात आली.

मापनातील सूक्ष्मता किती निर्णायक असते, याचे उदाहरण भिवंडीच्या शेजारीच, उल्हास नदीपलीकडे कल्याण येथे आढळते. तेथे १९६५ मध्ये गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्याच्या निरीक्षणासाठी रेडिओ दूरदर्शक उभारला. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या, प्रत्येकी १·८ मी. व्यासाच्या ३२ अन्वस्तीय आकाशकांपैकी २४ पूर्व-पश्चिम व ८ दक्षिणोत्तर रेषेत मांडले होते. त्याची वारंवारता ६१० मेगॅहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सु. ४९ सेंमी. होती. अशा मांडणीत संकेताच्या मार्गात १ सेंमी.चाही फरक पडल्यास कलेत सु. ७° चूक होते. म्हणून प्रत्येक आकाशकापासून ग्राहीपर्यंतच्या मार्गाची विद्युत् लांबी तपासावी लागते. दूरच्या टोकाहून परावर्तित होणारा संकेत विशिष्ट लयीत बदलवून तो इतर परावर्तनांतून ओळखण्याची एक पद्धत स्वरूप यांनी के. एस. यांग यांच्यासह १९६१ मध्ये प्रसिद्ध केली होती. जुळणीचा मार्गही मापनाचा भाग असतो, हे तत्त्व शेकडो मीटर लांबीच्या तारेला जसे लागू आहे, तसेच तळहाताएवढ्या फलकालाही आहे.

उद्योगक्षेत्रात प्रभाकर देवधर यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या व ठाण्याच्या वागळे औद्योगिक वसाहतीत वाढलेल्या ॲपलॅब या कंपनीने चाचणी व मापन उपकरणांचे उत्पादन केले. देवधर हे पुढे केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी आयोगाचे अध्यक्ष झाले. याबरोबरच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील सुट्या घटकांच्या बाजारामुळे हौशी अभियंते, दुरुस्ती करणारे कारागीर व विद्यार्थी यांना स्वतःची उपकरणे बनविणे शक्य झाले. ७२३ (१९६७), ७४१ (१९६८) व ५५५ (१९७२) ही संकलित मंडले उपलब्ध झाल्यावर नियंत्रित शक्तिपुरवठा, संकेतजनित्र व दाबमापक ही घरगुती रचनेची नेहमीची उपकरणे बनली.

आराखड्याची तत्त्वे : फलकावरील तांब्याच्या वर्खाची नेहमीची जाडी ३५ मायक्रोमीटर असते. अशा वर्खाच्या १ मिमी. रुंद व १०० मिमी. लांब पट्ट्याचा रोध सु. ०·०५ ओहम भरतो व त्यातून १ अँपिअर प्रवाह गेल्यास सु. ५० मिलिव्होल्ट दाब खर्ची पडतो. मिलिव्होल्ट मोजणाऱ्या उपकरणात ही चूक अक्षम्य होय. म्हणून प्रवाह नेणारे व दाब मोजणारे पट्टे वेगळे ठेवून मोजणारे पट्टे थेट रोधकाच्या टोकांपाशी जोडतात. लॉर्ड केल्व्हिन यांच्या चार टोकांच्या जोडणीचेच हे रूप आहे. त्याच कारणासाठी शक्तिपुरवठ्याचे व संकेताचे भूयोजन स्वतंत्र पट्ट्यांनी आणून एकाच बिंदूत मिळवितात.

पृष्ठगळती हा कोकणपट्टीत विशेष जाणवणारा दोष आहे. भिवंडी, कल्याण, ठाणे यांसारख्या खाडीकाठच्या गावांत पावसाळ्यात हवा दीर्घकाळ दमट राहते आणि फलकावर राहिलेला डाखकामातील राळेचा अंश व धूळ ओलावा धरून ठेवतात. दोन पट्ट्यांमधील रोध १,००० कोटी ओहमपर्यंत उतरला, तरी १५ व्होल्ट दाबाला १·५ नॅनोअँपिअर प्रवाह गळतो. हा प्रवाह उच्च रोधाच्या आदान टोकात शिरू नये म्हणून त्या टोकाभोवती त्याच दाबाला ठेवलेले तांब्याचे रक्षक कडे आखतात. दोन्हींमध्ये दाबाचा फरक नसल्याने गळती जवळजवळ नाहीशी होते. फलक धुऊन, वाळवून त्यावर लाखेचा किंवा रेझिनाचा लेप देणेही आवश्यक असते.

दोलनदर्शकाच्या आदान भागात भटकी धारणा महत्त्वाची ठरते. १० लक्ष ओहम रोधापुढे केवळ ५ पिकोफॅराड धारणा आली, तरी सु. ३२ किलोहर्ट्झपासून संकेत क्षीण होऊ लागतो. यासाठी येथील पट्टे आखूड ठेवतात व क्षीणकातील रोधकांना समांतर असे जुळवून घेता येणारे धारित्र बसवितात.

निर्मिती : पूर्वी २·५४ मिमी. अंतराच्या चौकटींच्या कागदावर आराखडा काढीत. घरगुती कामात तो तांब्यावर उतरवून पट्ट्यांची जागा तैलरंगाने झाकीत व फलक फेरिक क्लोराइडाच्या विद्रावात बुडवीत. उघडे तांबे विरघळून रंगाखालचे पट्टे शिल्लक राहत. कारखान्यांत मूळ आराखडा दुप्पट किंवा चौपट आकारात काळ्या फितीने तयार करून छायाचित्रणाने लहान करीत आणि कापडछपाईप्रमाणेच ताणलेल्या जाळीतून तो फलकावर छापीत. संगणकाच्या प्रसारानंतर हे काम आज्ञावलींच्या साहाय्याने होऊ लागले. झां-प्येअर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली ‘किकॅड’ ही मुक्त आज्ञावली त्यांपैकी एक असून तिच्यातील आराखड्यावरून कोणत्याही ठिकाणी फलक बनवून घेता येतो.

महत्त्व व मर्यादा : तारांच्या जुळणीत कारागिराचे कौशल्य त्याच्या हाताबरोबरच राही. फलकावर ते रेखाटनात उतरले व त्यामुळे एकाने सिद्ध केलेले उपकरण दुसऱ्याला तसेच बनविता येऊ लागले. मात्र आराखड्यातील चूकही तितक्याच निश्चितपणे प्रत्येक प्रतीत उतरते. ज्ञात मूल्याचा रोध व दाब जोडून, निरनिराळ्या तापमानांत व दमट हवेत वाचने घेऊन आणि ती अधिक अचूक मापकाशी ताडून पाहिल्यावरच घरगुती उपकरणावर भिस्त ठेवता येते. या तुलनेच्या साखळीचे भारतातील शेवटचे टोक म्हणजे नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकीय प्रयोगशाळेत जतन केलेली राष्ट्रीय प्रमाणे होत.