दस्तक आणि कौल : वसईच्या तहातले आठ दिवस

वसईच्या विजयाच्या खुणा महाराष्ट्रात ठिकठिकाणी टांगलेल्या आहेत. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ सालची, मेणवलीची १७०७ची. वज्रेश्वरीला गेलेल्या माणसाला चिमाजीअप्पांचा नवस ठाऊक असतो. सुरुंग, बुरूज, तटाला पडलेलं खिंडार हे सगळं आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. पण १६ मे १७३९ रोजी तहाची कलमं ठरली आणि त्यानंतर शहराचा ताबा घेतला गेला, या दोहोंमधल्या आठ दिवसांबद्दल कोणी फारसं बोलत नाही. माझं कुतूहल गेली काही वर्षं या आठ दिवसांतच अडकून पडलं आहे. हजारो माणसं चिडलेल्या, जखमी झालेल्या, जिंकलेल्या फौजेच्या समोरून सामानसुमान घेऊन बंदरावर गेली आणि गलबतांत बसली. हे घडवून कसं आणलं?

आधी त्या फौजेची अवस्था लक्षात घ्यायला हवी. १७३७च्या वसंतात सुरू झालेली मोहीम दोन वर्षं चालली होती. मराठ्यांच्या स्वतःच्या हिशेबाने शेवटच्या वेढ्यातच सुमारे ५,००० माणसं मेली किंवा जायबंदी झाली. इतरांचे अंदाज यापेक्षा मोठे आहेत. मे महिन्याच्या मध्यावर सुरुंग उडाले, तट फुटला, तरी आतले लढतच राहिले. अशा वेळी सैन्याला आत सोडलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. किल्लेदार कायतानो द सौझा परेरा याने शरणागतीचं निशाण दाखवलं आणि अप्पांनी बोलणी मान्य केली. किल्लेदाराच्या बायकोची सन्मानाने पाठवणी केल्याची कथा आपल्याकडे मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. कलमं मात्र कथेपेक्षा रोकडी आहेत, आणि मला ती जास्त मोलाची वाटतात.

डॉ. गर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईवरच्या आपल्या १८७६च्या पुस्तकात या तहाची हकिकत दिली आहे. शिबंदीने हत्यारांसह, निशाणं फडकवत, ढोल वाजवत बाहेर पडावं. शहरातल्या कुटुंबांनी आपली चीजवस्तू घेऊन जावं, त्यासाठी आठ दिवसांची मुदत. ज्या ख्रिस्ती लोकांना मागे राहायचं असेल त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक. काही ठरावीक चर्चेस शाबूत ठेवायची. ढोल आणि निशाणं हा मानाचा भाग झाला, पण त्याचा एक व्यावहारिक उपयोगही दिसतो. वाजतगाजत, रांगेने, उघड्यावर चालणारी तुकडी लांबूनच ओळखू येते. तिला पळून जाणारा शत्रू समजून कोणी गोळी घालत नाही.

आठच दिवस का, याचं उत्तर आमच्या भुईगावच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की मिळतं. मे संपत आला की इथला दर्या बदलतो, होड्या ओढून वर घेतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी पाण्यात उतरत नाही. १६ मेला तह झाला म्हणजे समुद्राचा रस्ता जेमतेम दोन-तीन आठवडे उघडा होता. तिकडे उत्तरेत नादिरशहाने दिल्ली लुटली होती आणि बाजीरावांना फौज हवी होती. दोन्ही बाजूंना घाई होती. अशी घाई नसती तर आठ दिवसांचे ऐंशी व्हायला वेळ लागत नाही, आणि तेवढ्यात कोणाचं तरी डोकं फिरतं.

मुंबईच्या इंग्रजांचा यातला भाग तसा मजेदार आहे. वेढा चालू असताना त्यांनी पोर्तुगीजांना फार मदत केली नाही. १५,००० रुपये कर्ज दिलं, तेही चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून. पण वसईहून निघालेल्या शिबंदीने पावसाळा काढला तो मुंबईतच. जुलैत कॅप्टन इंचबर्डने चिमाजीअप्पांशी इंग्रजांचा स्वतंत्र तह केला. म्हणजे ज्याच्या दारात निर्वासित बसले होते, तोच जिंकणाऱ्याशी व्यापाराच्या अटी ठरवत होता. मदत करणारा अगदी निःस्वार्थी असावा लागतो, असं मला हे कागद वाचल्यापासून वाटेनासं झालं आहे. त्याचे दोन्हीकडे लागेबांधे असले तर कधीकधी कामच सोपं होतं.

पुढची हकिकत ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये काही ओळींत येते. पावसाळा संपल्यावर ही शिबंदी मुंबईहून चौलला गेली आणि तिथून जमिनीच्या वाटेने गोव्याकडे निघाली. गोवा दोन तासांवर राहिला असताना वाडीकर सावंतांची फौज तिच्यावर तुटून पडली. सुमारे २०० चांगली माणसं मेली. आंग्र्यांच्या आरमाराच्या शोधात कमोडोर बॅगवेल तेव्हा गोव्यात होता. उरलेसुरले लोक शहरात आले ते त्याने पाहिले, आणि त्याला दुःखही झालं आणि संतापही आला.

मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे सापडतं. अप्पांनी शब्द मोडला नाही. त्यांचा शब्द वसईच्या तटापासून समुद्रापर्यंत चालला. सावंतांनी मात्र कुठल्याच कलमावर शिक्का मारला नव्हता. त्या काळी वाटेवर दस्तक लागायचं, आणि ज्याची चौकी त्याचंच दस्तक तिथे चालायचं. रस्ता एक असला तरी त्यावरचे धनी अनेक, आणि त्यातला एकही राहून गेला तर बाकीच्यांचे कागद कुचकामी ठरतात.

आजही यात फार फरक पडलेला नाही. १९४९च्या चौथ्या जिनीव्हा कराराचं १७वं कलम वेढ्यातून जखमी, आजारी, म्हातारे, मुलं आणि बाळंतिणी बाहेर काढण्याबद्दल आहे. वैद्यकीय कर्मचारी आणि सर्व धर्मांचे धर्मगुरू यांना आत जाऊ देण्याबद्दलही त्यातच लिहिलं आहे. त्यासाठी लढणाऱ्या पक्षांनी आपसांत स्थानिक करार करण्याचा प्रयत्न करावा, असं ते सांगतं. म्हणजे पुन्हा वसईसारखीच बोलणी. मार्च २०२२मध्ये मारियुपोलमधून बाहेर पडण्याची वाट ठरली, तेव्हा रेडक्रॉसच्या माणसांना दाखवलेल्या रस्त्यावर सुरुंग पेरलेले निघाले. १ एप्रिल २०२४ला गाझामध्ये वर्ल्ड सेंट्रल किचनचे सात कर्मचारी इस्रायली हल्ल्यात मारले गेले. गाड्यांवर संस्थेचं चिन्ह होतं, प्रवासाची माहिती सैन्याला आधीच कळवलेली होती. ती वरच्या कचेरीत पोचली, पण ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांच्यापर्यंत पोचली नाही, असं सैन्याच्याच चौकशीतून पुढे आलं. १७३९मध्ये आंधळी वाट गोव्याच्या वेशीवर होती, इथे ती एकाच सैन्याच्या आत होती.

हे झालं जाणाऱ्यांचं. भुईगावच्या माणसाला राहणाऱ्यांबद्दल जास्त आस्था असणार. फिदाल्गोंकडे गलबतात घालता येईल अशी संपत्ती होती. आमच्याकडच्या वाडीवाल्याची केळीची बाग, विहीर आणि पाटाचं पाणी कुठल्या गलबतात चढवणार? तो राहिला. युरोपी पाद्री बहुतेक निघून गेले आणि राहिलेल्यांची प्रार्थना, बारसं, लग्न, मर्तिक हे सगळं एतद्देशीय पाद्र्यांकडे आलं. त्यांना वाडीवाडीतून हिंडता येणं ही त्या कलमाची खरी कसोटी होती, आणि ती आठ दिवसांत संपणारी नव्हती. जुन्या मराठी दप्तरात यासाठी दुसरा शब्द आहे : कौल. दस्तक वाटसरूसाठी आणि कौल वस्तीसाठी. लढाईने उठून गेलेली रयत परत येऊन जमीन लावते ती कौलाच्या भरवशावर. सारा हवा असेल तर सरकारालाही तो पाळावा लागतो.

तो सगळीकडे सारखा पाळला गेला असं मी म्हणणार नाही. घंटा उतरल्या, कितीतरी चर्चेस ओस पडली. तरी १७६०च्या सुमारास आंकतिल द्यु पेराँ हा फ्रेंच प्रवासी वसईच्या खाडीपलीकडे साष्टीतून हिंडला, तेव्हा तिथली चर्चेस उघडी होती. रस्त्याने ख्रिस्ती बायका-माणसं चर्चला जात-येत होती, ख्रिस्ती राज्यात असावीत इतकी उघडपणे. पेशव्यांच्या अंमलाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.