धर्मगुरूंची तयारी आणि लोकांची भाषा

जुबिलीच्या या मंगल प्रसंगीं परमेश्वराचे आभार मानतांना, आमच्यासारख्या बहुभाषी नगरांत सेवा करणाऱ्या धर्मगुरूंची तयारी कशी होत आली, याचा थोडा विचार करणें आम्हांस उचित वाटतें.

ठाणें हें पूर्वापार अठरापगड लोकांचें बंदर. 1321 सालीं तोलेंतिनोचे तोमास, पादुआचे याकोब, सिएनाचे पेत्र व तिफ्लिसचे देमेत्रिउस हे चार फ्रान्सिस्कन येथें उतरले आणि एप्रिल महिन्यांत येथेंच त्यांनीं ख्रिस्तासाठीं प्राण वेंचले. यांपैकीं देमेत्रिउस हे धर्मगुरु नव्हते. ते अनेक भाषा जाणणारे साधे बंधु होते. परक्या देशीं शुभवर्तमान नेणाऱ्यांनीं भाषा जाणणारा सोबती बरोबर घेतला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें ट्रेंटच्या धर्मसभेनें 1563 सालीं धर्मप्रांतोप्रांतीं सेमिनरी असावी, असें ठरविलें. परंतु सेमिनरींतील लॅटिन विद्येनें कोळ्याकुणब्याचें दुःख कळत नाहीं. म्हणून 1606 सालच्या गोव्याच्या प्रांतिक धर्मसभेनें नियम केला कीं, लोकांची भाषा न येणाऱ्यास धर्मग्राम सोंपवूं नये. फादर थॉमस स्टीफन्स जन्मानें इंग्रज. तथापि 1616 सालीं रायतूर येथें त्यांचें मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलें गेलें. असें असूनहि 1684 सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें देशी भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला. धर्मसभेनें जें पेरलें, तें 78 वर्षांनीं राज्यसत्तेनें उपटूं पाहिलें!

1737 सालीं ठाणें व 1739 सालीं वसई मराठ्यांकडे गेली. त्यानंतर आमचा कळप बहुतांशीं देशी धर्मगुरूंनींच सांभाळला.

1853 सालीं आगगाडी ठाण्यास आली व 1854 सालीं कल्याणास पोंचली. कालांतरानें तिच्या दोन्ही बाजूंस वस्ती वाढून कल्याण-डोंबिवली गजबजली. गोवेकर, मंगळूरकर, तामीळ व केरळीय बांधव आमचे शेजारी झाले. 1988 सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं सिरो-मलबार भाविकांसाठीं कल्याण धर्मप्रांत स्थापिला. त्याआधींच, 1963 सालीं, दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें उपासनेंत मातृभाषेस वाव दिला होता.

अशा नगरांत धर्मगुरूंस तीन-चार भाषा लागतात. पण भाषा व्याकरणानें अर्धीच येते, उरलेली माणसांच्या सहवासानें येते. मरणशय्येवरील आजीबाई आपलें पाप कोणत्या भाषेंत सांगणार? तिला अखेरच्या घटकेस दुभाष्या शोधावा लागूं नये, एवढीच आमची चिंता आहे.

हें काम केवळ सेमिनरीचें नव्हे. शिकाऊ बंधु सेवेसाठीं येतील, तेव्हां त्यांस आपल्या ओटीवर बसवावें, आपल्या बोलींत बोलावें, चुकल्यास प्रेमानें सुधारावें. तसेंच, आपल्या घरीं मुलांशीं मराठी बोलली गेली नाहीं, तर परक्यानें ती शिकावी कोणासाठीं? पन्नास दिवसांच्या सणास प्रेषितांचें बोलणें ज्यानें प्रत्येकास आपापल्या भाषेंत ऐकविलें, तो पवित्र आत्मा आमच्या धर्मगुरूंस जिव्हा देवो व आम्हां सर्वांस कान देवो.