नाव एकाचे, कब्जा दुसऱ्याचा

तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची आपल्याकडील रीत वाचकांस नव्याने सांगावयास नको. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांतले माळे उघडले, तर छिन्नीच्या बारीक टिपक्यांनी आजोबा-पणजोबांची नावे कोरलेले हंडे, पराती, घागरी आजही निघतात. परंतु एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. भांडे आपल्याच फडताळात असते तोवर त्यावरील नावाला काही काम नसते. ते शेजारच्या कार्यासाठी गेले, दहा घरांच्या भांड्यांत मिसळले आणि पंगती उठल्यावर घासून एका ढिगात पडले, की मग नाव बोलू लागते. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात असतानाच मालकाच्या नावाची किंमत कळते.

आमची सारी नोकरी जमिनीच्या कागदपत्रांत गेली. खसऱ्याच्या एका रकान्यात भूमिस्वामीचे नाव असते; जमीन प्रत्यक्षात दुसराच कोणी कसत असेल, तर त्याच्या कब्जाची नोंद कैफियतीत येते. आम्ही पाहिलेले बहुतेक तंटे या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर उभे होते. म्हणून घरातील मुलांच्या निमित्ताने संगणकावरील भूमिका-खेळांचा, म्हणजे ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांचा, इतिहास जेव्हा आम्ही वाचू लागलो, तेव्हा तेथेही हीच रेघ दिसून आम्हांस मोठे नवल वाटले.

या खेळांत एकाच वेळी हजारो माणसे आपापल्या घरून एका काल्पनिक जगात उतरतात. प्रत्येकजण एक पात्र धारण करतो. (पात्र म्हणजे सोंग आणि पात्र म्हणजे भांडे, हा मराठीचा श्लेष येथे आयताच लाभतो.) ते पात्र लढते, खाणी खणते, तलवारी घडवते आणि वस्तू जमवते. पाठीवरच्या पिशवीस मर्यादा असते. म्हणून कोठार लागते. एकट्याने मोठी शिकार साधत नाही. म्हणून संघ लागतो, ज्यास गिल्ड म्हणतात. कोठार आणि संघ एकत्र आले, की ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न आलाच.

आरंभी हा प्रश्न नव्हता. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ साली ‘मड’ नावाचा खेळ रचण्यास घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. तो केवळ शब्दांचा खेळ होता, चित्र एकही नव्हते. तेथे सापडलेले धन दलदलीत टाकावयाचे आणि त्याबद्दल गुण मिळवावयाचे. ठरावीक काळाने सारे जग पुन्हा मूळ स्थितीत येई. जेथे काही साठतच नाही, तेथे मालकी कसली?

मालकीचा विचार नीट झालेला दिसतो तो ‘लॅम्डामू’ या शब्दमय जगात. पाव्हेल कर्टिस यांनी ते १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात उभे केले. येथे शिकारीपेक्षा वस्तू आणि दालने रचण्यावर भर होता. प्रत्येक वस्तूस एक क्रमांक असे आणि तिच्या नोंदीत दोन स्वतंत्र रकाने असत : वस्तू कोठे आहे आणि वस्तू कोणाची आहे. ती कोणी उचलून आपल्या खिशात घातली, तर पहिला रकाना बदले. दुसरा बदलत नसे. संगणकाच्या भाषेत ही एक साधी सोय. आमच्यासारख्या माणसास मात्र येथे खसराच भेटला.

पुढे खेळ व्यापारी झाले आणि हे शहाणपण काही काळ मागे पडले. २४ सप्टेंबर १९९७ रोजी रिचर्ड गॅरियट यांच्या ओरिजिन कंपनीने ‘अल्टिमा ऑनलाइन’ बाजारात आणला. या खेळात पात्रास घर बांधता येई, आणि आरंभीच्या काळात त्या घराची भिस्त सर्वस्वी किल्लीवर होती. किल्ली ही पिशवीतली एक साधी वस्तू. चोरी ही तर खेळाने मान्य केलेली विद्या, तिचा अभ्यास करणारी पात्रे होती. मग व्हावयाचे तेच झाले. किल्ली ज्याच्या हाती पडली तो आत शिरे आणि महिनोन्महिने जमवलेले सारे घेऊन जाई. खेळाच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते, कारण ताबा हीच मालकी होती. राज्य नसलेल्या मुलखात माणसे कशी राहत असतील याचा अंदाज त्या दिवसांवरून येतो.

यावर उपाय हळूहळू निघाले, आणि ते कोणा पंडिताने एका बैठकीत काढले नाहीत. लुटल्या गेलेल्यांच्या तक्रारींतून ते घडत गेले. घराचा मालक, सहमालक आणि मित्र अशा याद्या आल्या. मालकाने आपल्या घरात उभे राहून ‘ही वस्तू मी येथे जखडू इच्छितो’ अशा अर्थाचे ठरावीक इंग्रजी वाक्य उच्चारले, म्हणजे टंकले, की ती वस्तू परक्यास हलवता येत नसे. पेट्यांनाही असेच संरक्षण देता येई आणि पेटी कोणी उघडावी हे पेटीगणिक ठरवता येई : केवळ मालकाने, सहमालकांनी, मित्रांनी की कोणीही. दारावरच्या पाटीत मालकाचे नाव दिसू लागले. पुढे तर पेट्यांवर शब्द कोरण्याची हत्यारे आली. चामड्याच्या पेटीस एक, लाकडी पेटीस दुसरे, धातूच्या पेटीस तिसरे. ही हत्यारे पाहून आम्हांस कासाराच्या दुकानाबाहेर भांड्यांवर नाव घालीत बसणारा कारागीर आठवला. भेद इतकाच, की कोरलेले नाव पेटीस कुलूप घालीत नाही. ते काम याद्यांचेच होते. नाव फक्त एवढे सांगे, की ही पेटी अमक्याची समजावी.

त्याच खेळात उत्तम घडवलेल्या वस्तूवर घडवणाऱ्याचे नाव उमटवता येई, ही आणखी एक मौज. तलवार दहा हातांतून फिरली तरी लोहाराचे नाव तिच्यावर कायम. धन्याचे नाव मात्र कोठेच नाही! आमच्या मते या सबंध इतिहासात कारागिरास मिळालेला हा मान फार गोड आहे.

पाटीवर मालकाच्या नावासोबत घराची अवस्थाही कळे. मालक बराच काळ फिरकला नाही, तर घर जीर्ण होत जाई आणि शेवटी ‘कोसळण्याच्या बेतात’ असे शब्द दिसू लागत. ही वार्ता फुटली की घराभोवती गर्दी जमे. लोक तासन् तास थांबत, कारण घर पडताच आतले सारे जमिनीवर येई आणि उचलील त्याचे होई. बेवारस मिळकतीभोवती जमणारे दूरचे नातलग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस या चित्राचे अधिक वर्णन नको.

१९९९ च्या मार्चमध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळाने वेगळीच तऱ्हा काढली. पात्र मेले की ते दुसरीकडे पुन्हा जिवंत होई. पण अंगावरचे सारे सामान प्रेतापाशी राही. प्रेतावर मालकाचे नाव असे आणि त्यातील वस्तू त्यालाच काढता येत. ते संकटाच्या जागी पडले असेल, तर मालक दुसऱ्यास संमती देऊन ते ओढून आणवी. संमतीवाचून कोणी प्रेतास हात लावू शकत नसे. खेळाच्या रचनाकारांनी निक्षेपाचा, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या ठेवीचा, धर्मशास्त्रातील विचार नकळत पुन्हा शोधून काढला असे आम्हांस वाटते. याच खेळात काही वस्तूंवर ‘नो ड्रॉप’ असा शिक्का असे. ती वस्तू ज्यास मिळाली त्याचीच. देता येत नाही, विकता येत नाही.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने हा शिक्का सर्वत्र नेला. तेथे वस्तू पात्राच्या आत्म्यास बांधली जाते. काही उचलताच, काही अंगावर चढवताच. चोरीचा प्रश्न मिटला, पण त्याबरोबर उसने देणेही मिटले. बांधल्या न जाणाऱ्या सामाईक मालाचा प्रश्न राहिलाच. संघ आपले धन कोणा एका सदस्याच्या दुसऱ्या पात्राकडे ठेवीत. ते पात्र म्हणजेच बँक. तो सदस्य रुसून गेला, की बँक त्याच्यासवे गेली. नोव्हेंबर २००७ मध्ये खेळाने संघासाठी खरे कोठार दिले. त्याच्या कप्प्यांस नावे देता येतात, कोणत्या पदाच्या सदस्याने रोज किती काढावे याची मर्यादा घालता येते, आणि कोणी काय ठेवले व काय नेले याची नोंद राहते. वस्तू मूळ कोणाची हा रकाना मात्र तेथे नाही. कोठारात पडले ते संघाचे झाले.

अधिकार ज्याच्या हाती, त्याने तो फिरवला तर नोंदवही काय करणार? २००३ पासून चालू असलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातील खेळात फेब्रुवारी २००९ मध्ये ‘बँड ऑफ ब्रदर्स’ नावाची बलाढ्य आघाडी तिच्याच एका फितुर संचालकाने मोडून टाकली. शत्रूशी हातमिळवणी करून, स्वतःस दिलेले अधिकार वापरून त्याने हे केले. कंपनीने ते खेळाच्या नियमांत बसणारे मानले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हा सारा पोरखेळ आहे. तसे म्हणणाऱ्यांनी २००५ सालचे शांघाय आठवावे. ‘लेजंड ऑफ मीर’ या खेळातील एक दुर्मीळ तलवार एका खेळाडूने दुसऱ्यास उसनी दिली. त्याने ती परस्पर ७,२०० युआनला विकली. धनी पोलिसांकडे गेला. अशा वस्तूस कायद्याने मालमत्ता मानत नाहीत, असे त्यास सांगण्यात आले. अखेर त्याने विकणाऱ्याच्या घरी जाऊन त्यास भोसकले. एक जीव गेला आणि दुसऱ्यास स्थगित मृत्युदंड झाला. उसने देणाऱ्याचे नाव लिहून ठेवील असा रकाना त्या तलवारीस नव्हता, आणि ऐकून घेईल असे दप्तरही नव्हते. या दोहोंतले दुसरे न्यून अधिक घातक होते, असे आमचे मत आहे.

वास्तविक २००३ च्या डिसेंबरात बीजिंगच्या एका न्यायालयाने ‘रेड मून’ या खेळातील चोरीस गेलेल्या वस्तू खेळाडूस परत द्याव्यात, असा आदेश कंपनीस दिला होता. परंतु तो एका खटल्यापुरता निकाल होता. चीनच्या नागरी संहितेत आभासी मालमत्तेचा उल्लेख २०१७ मध्ये सामान्य तरतुदींच्या रूपाने आला, आणि १ जानेवारी २०२१ पासून संपूर्ण संहिता लागू झाली.

सर्वांत विचार करण्याजोगा निकाल हॉलंडचा. २००७ मध्ये तेथे दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलास मारहाण करून, चाकूचा धाक दाखवून ‘रूनस्केप’ या खेळातील त्याचा ताईत आणि मुखवटा स्वतःच्या खात्यात वळवून घेतला. बचाव असा, की या वस्तू म्हणजे नुसती माहिती, आणि असल्याच तर त्या कंपनीच्या, मुलाच्या नव्हेत. ३१ जानेवारी २०१२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने चोरीची दोषसिद्धी कायम केली. वीज स्पर्शगम्य नसली तरी ती चोरता येते, असे त्याच न्यायालयाने १९२१ मध्येच ठरवले होते. या वस्तूही मुलाने वेळ आणि श्रम खर्चून मिळवलेल्या होत्या, त्यांवर त्याचा एकट्याचा ताबा होता, आणि बळजबरीने तो गेला. कागदोपत्री मालक कोण, हे चोरीच्या खटल्यात गौण ठरले.

बचाव पक्षाचा दुसरा मुद्दा मात्र निखालस खोटा नव्हता. बहुतेक खेळांच्या करारात लिहिलेले असते, की सर्व वस्तू कंपनीच्या आहेत, खेळाडूस केवळ वापरण्याची परवानगी आहे. होळकर-शिंद्यांच्या मुलखातील ज्या घराण्यांनी सनदेवर जहागिरी भोगल्या आणि १९५१ च्या मध्य भारत जहागीर निर्मूलन कायद्याने त्या सोडल्या, त्यांस या भाषेचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको. त्यांस निदान भरपाईची तरतूद होती. ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ हा खेळ १५ डिसेंबर २०११ रोजी बंद झाला. आठ वर्षे खेळाडूंनी त्यात घरे सजवली होती, दुकाने मांडली होती, पेट्यांना नावे दिली होती. त्या रात्री पुष्कळजण आपापल्या पात्रांसह जमले होते, आणि ठरल्या वेळी कंपनीने संगणक थांबवले.