दाबोळी : नौदलाच्या अंगणातला विमानतळ

१/
गोव्यातील दाबोळी विमानतळावर नव्याने येणाऱ्या प्रवाशाला तीन गोष्टी कोड्यात टाकतात. धावपट्टीकडे कॅमेरा वळवण्यास मनाई का? वर्षानुवर्षे कामाच्या दिवशी सकाळची विमाने इतकी कमी का होती? आणि एवढ्याशा राज्यात दोन विमानतळ कशासाठी? या तिन्ही प्रश्नांची मुळे एकाच इतिहासात आहेत.

२/
आरंभ १९५४ चा. त्या वर्षी दादरा व नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली. चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेल्या त्या प्रदेशात कुमक पाठवायची तर भारताची संमती हवी होती आणि ती मिळणे शक्य नव्हते. भूमार्ग भारताच्या मर्जीवर अवलंबून आहे, हा धडा लिस्बनला तेथे मिळाला.

३/
त्याच सुमारास भारताने गोव्यावरील आर्थिक निर्बंध आवळले. १९५५ मध्ये मुरगावकडे येणारी रेल्वेही थांबली. घाटापलीकडून येणारा माल आणि माणसे अडली. वसाहत टिकवायची तर समुद्र होताच, पण तो मार्ग संथ होता. उरले आकाश.

४/
मुरगाव बंदराजवळच्या दाबोळीच्या पठारावर विमानतळ उभा राहिला, तो १९५५ मध्ये. तत्कालीन गव्हर्नर जनरल पावलू बेनार गेदिश यांचे नाव त्याला देण्यात आले. त्याच वर्षी ‘टीएआयपी’ ही पोर्तुगीज इंडियाची स्वतःची विमानसेवा सुरू झाली. दमण, दीव आणि कराची ही तिची महत्त्वाची ठाणी होती.

५/
या यादीत मुंबई नाही, हे लक्षात घ्यावे. सर्वांत जवळचे महानगर टाळून विमाने कराचीकडे जात, कारण पुढे युरोप गाठण्याचा मार्ग तेथून मोकळा होता. दाबोळीचा जन्म पर्यटनासाठी झाला नाही. कोंडी झालेल्या सत्तेने श्वास घेण्यासाठी उघडलेली ती खिडकी होती.

६/
म्हणूनच १८ डिसेंबर १९६१ रोजी ‘ऑपरेशन विजय’ सुरू होताच भारतीय हवाई दलाचे पहिले लक्ष्य दाबोळी ठरले. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर सुमारे ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. त्यानंतर दुसरा हल्लाही झाला.

७/
या हल्ल्यातील संयम उल्लेखनीय आहे. आदेश धावपट्टी निकामी करण्याचा होता. टर्मिनल व इतर इमारतींना धक्का लावायचा नव्हता. जे उद्या आपलेच होणार, ते आज का मोडावे, हा त्यामागचा सरळ हिशेब असावा. इमारती खरोखरच शाबूत राहिल्या.

८/
तळावर दोन प्रवासी विमाने उभी होती. एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे कॉन्स्टेलेशन, दुसरे टीएआयपीचे डीसी-४. त्या रात्री धावपट्टी कशीबशी डागडुजी करून काही अधिकाऱ्यांची कुटुंबे त्यांत बसवण्यात आली आणि दोन्ही विमाने अतिशय खालून उडत कराचीला निसटली. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

९/
आता प्रश्न होता, हा तळ कोणाचा? भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ त्याच वर्षी, १९६१ मध्ये, नौदलात दाखल झाली होती. तिच्या विमानांना किनाऱ्यावर घर हवे होते आणि अरबी समुद्रालगतचे दाबोळी त्यासाठी सोयीचे होते. तळ नौदलाकडे गेला. कोइम्बतूरजवळ स्थापन झालेले ‘आयएनएस हंसा’ १९६४ मध्ये येथे आले.

१०/
प्रवाशाला पडणाऱ्या पहिल्या दोन कोड्यांचे उत्तर हेच. दाबोळी हे ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ आहे. टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, तर धावपट्टी व हवाई नियंत्रण नौदलाचे. पुण्याच्या लोहगावला हवाई दलाबाबत हीच व्यवस्था आहे. प्रवासी येथे पाहुणा असतो. वेळ आणि नियम यजमानाचे.

११/
पुढे १९८३ मध्ये सी हॅरियर येथे आली, नंतर मिग-२९के. वैमानिकांच्या सरावासाठी दीर्घकाळ सोमवार ते शुक्रवार सकाळी साधारण साडेआठ ते दुपारी एक हा काळ नौदलासाठी राखीव असे. दुसरीकडे १९८० च्या दशकापासून युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली. दुपारनंतर टर्मिनलमध्ये उसळणारी गर्दी ही या वाटणीचीच परिणती. २०१३ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले, परंतु धावपट्टी तीच राहिली.

१२/
तिसऱ्या कोड्याचे, म्हणजे मोपाचे, मूळही येथेच. २००० मध्ये केंद्राने मोपाला तत्त्वतः मान्यता दिली, ती दाबोळीची नागरी वाहतूक बंद करण्याच्या अटीसह. दक्षिण गोव्यात अस्वस्थता पसरली. टॅक्सीवाले, हॉटेले, वास्कोची बाजारपेठ यांचे पोट दाबोळीवर होते. २०१० मध्ये ती अट बदलली आणि दोन्ही विमानतळ चालू ठेवण्याचे ठरले.

१३/
पर्यावरणीय मंजुरीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर पेडणे तालुक्यातील या विमानतळाचे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले, मनोहर पर्रीकरांचे नाव त्याला मिळाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. त्यानंतर विमाने उत्तरेकडे सरकू लागली आणि दक्षिणेची जुनी भीती पुन्हा जागी झाली.

१४/
प्रवाशाने ध्यानात ठेवावे ते एवढेच. तिकिटावर ‘गोवा’ लिहिलेले पुरेसे नाही. ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी, ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा. दोहोंत सुमारे ६० किलोमीटरचे अंतर आहे आणि चुकीच्या दारी पोहोचलेल्याला विमान बहुधा चुकतेच. दाबोळीला धावपट्टीची व लष्करी विमानांची छायाचित्रे घेऊ नयेत. तेथील मनाईचा फलक साठ वर्षांपूर्वी ठरलेल्या मालकीची आठवण आहे.

१५/
वसाहतीने तगून राहण्यासाठी बांधलेली धावपट्टी नौदलाची झाली, नौदलाच्या सवडीतून पर्यटन वाढले आणि त्या सवडीच्या मर्यादेतून दुसरा विमानतळ जन्मला. दाबोळी नागरी वाहतुकीसाठी किती काळ गजबजलेली राहील, हा प्रश्न मुरगाव तालुक्यातील अनेक घरांसाठी आजही चुलीचा प्रश्न आहे.