एकवीस बाइटमध्ये काय मावत नाही?

देहूरोड स्टेशन नकाशावर दाखवायला दोन आकडे पुरतात: रेखांश सुमारे ७३.७३, अक्षांश सुमारे १८.६८. संशोधनात हेच आकडे तुम्हाला दोन रूपांत भेटतील. एक वाचता येणारं, पॉइंट(७३.७३ १८.६८), म्हणजे डब्ल्यूकेटी. दुसरं यंत्रासाठीचं बायनरी रूप, डब्ल्यूकेबी.

ही जोडी आली कुठून? १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ओपन जीआयएस कन्सोर्टियमने डेटाबेससाठी एक मानक ठरवलं. त्याच्या १९९९ च्या आवृत्तीत दोन्ही रूपं आहेत. तोवर प्रत्येक सॉफ्टवेअरचं आपापलं स्वरूप असायचं.

बायनरी बिंदूची रचना अशी: १ बाइट क्रमाचा, ४ बाइट प्रकाराचे, मग ८-८ बाइटचे दोन आकडे. एकूण २१. पहिला बाइट कशाला? काही संगणक आकड्याचा मोठा भाग आधी साठवायचे, काही लहान. डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये गलिव्हरच्या गोष्टीतल्या अंड्याच्या भांडणावरून या दोन पक्षांना नावं दिली. मानकाने कुणाचीच बाजू घेतली नाही, फक्त कोणता क्रम वापरलाय ते आधी सांगायला लावलं.

आता गंमत बघा. वरचा मजकूर इंग्रजीत लिहिला तर १८ अक्षरांतच बसतो, म्हणजे बायनरीपेक्षा छोटा! बायनरीचा खरा फायदा वेग आणि अचूकता. मजकुरात दोनच दशांश ठेवले की स्टेशन किलोमीटरभर इकडेतिकडे होऊ शकतं. बायनरीत साठवलेला आकडा जसाच्या तसा राहतो.

पण तो आकडा कुठल्या पृथ्वीवरचा? मी एका जुन्या कागदी नकाशावरून बिंदू घेतले, मजकुरातून बायनरी केलं, परत मजकूर केला. आकडे तंतोतंत जुळले, तरी उपग्रहचित्रावर स्टेशन शंभरेक मीटर सरकलेलं! चूक माझीच होती. जुने भारतीय नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेले असायचे. १८०२ मध्ये मद्रासहून सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा वारसा. खुल्या नकाशांसाठी डब्ल्यूजीएस-८४ हा आधार २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने ठरवला. मी मात्र दोन्ही एकच धरले होते.

मूळ मानकात ही ओळख डब्ल्यूकेबीच्या आत नसते, डेटाबेसच्या वेगळ्या तक्त्यात असते. फाइल एकटी निघाली की ओळख मागे राहते. २००१ मध्ये आलेल्या पोस्टजीआयएसने पुढे आपल्या विस्तारित रूपात एसआरआयडीचे ४ बाइट जोडले, बिंदू २५ बाइटचा झाला. तेही सगळीकडे वाचलं जाईलच असं नाही.

म्हणून रूपांतर करण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: आधार कोणता, दशांश किती, आधी रेखांश की अक्षांश. तिसरी क्षुल्लक समजू नका. क्रम उलटला तर देहूरोड थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं, आणि संगणक एका शब्दाने तक्रार करत नाही.