दावोसची थंडी आणि क्षयाची माणसं

क्षयाच्या रोग्याला थंडी बाधते, ही समजूत आपल्याकडे आहे तशी युरोपातही होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथले डॉक्टर ऐपतदार रोग्यांना हिवाळा लागण्याआधीच मादेइरा बेटावर, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर, नाहीतर थेट इजिप्तला हवापालटासाठी पाठवत. ज्यांना ते परवडत नसे ते घरातच पडून राहत. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, शेगडी पेटलेली आणि सगळं घर त्याच कोंदट हवेत श्वास घेत असलेलं.

मी सातारा जिल्ह्यात छातीच्या रोगांची डॉक्टर म्हणून नोकरी केली. पौष-माघात घरभेटीला गेलं की खिडकीच्या फटीत कोंबलेली चिंधी, दाराला लावलेलं गोणपाट आणि आतल्या अंधारात खोकणारा माणूस मला अनेकदा दिसे. त्यामुळे दावोसचा इतिहास मी परक्या मुलखाचा म्हणून कधी वाचलाच नाही.

दावोस हे स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडचं, सुमारे १५६० मीटर उंचीवरचं खोरं. तिथे वर्षातले अनेक महिने बर्फ असतो. १८५३ साली अलेक्झांडर श्पेंग्लर नावाचा तरुण डॉक्टर तिथे आला. तो मूळचा जर्मनीतल्या मानहाइमचा. १८४८-४९च्या उठावात भाग घेतल्यामुळे त्याला देश सोडावा लागला, मग झुरिकमध्ये तो वैद्यक शिकला आणि या आडवळणाच्या खोऱ्यात त्याला नोकरी मिळाली. इथल्या शेतकऱ्यांत क्षय जवळजवळ आढळत नाही, हे त्याने पाहिलं. पोटासाठी बाहेर गेलेली माणसं रोग घेऊन परत येत, आणि गावी राहिली की त्यांच्यातली काही सुधारत. श्पेंग्लरने याचं श्रेय खोऱ्यातल्या हवेला दिलं.

फेब्रुवारी १८६५मध्ये ह्यूगो रिश्टर आणि फ्रीडरिश उंगर हे दोन क्षयरोगी ऐन हिवाळ्यात घसरगाडीतून दावोसला पोचले. ज्या ऋतूपासून रोग्याने पळायचं, त्याच ऋतूत ते बर्फात राहायला आले. दोघांना उतार पडला आणि दोघेही पुढे दावोसलाच स्थायिक झाले. ही बातमी पसरली. व्हिलेम यान होल्सबूर हा डच गृहस्थ आजारी बायकोला घेऊन आला. बायको वाचली नाही, पण तो तिथेच राहिला. श्पेंग्लरबरोबर त्याने आरोग्यगृह उभारलं, आणि पुढे खोऱ्यात रेल्वे आणण्यातही त्याचा मोठा वाटा होता. शेतकऱ्यांच्या खेड्याचं बघता बघता आजाऱ्यांचं शहर झालं.

सुरुवातीच्या उपचारात बरंच काही होतं. थंड पाण्याचे फवारे, भरपूर दूध, वाइन, डोंगरी मार्मोटच्या चरबीचं मालीश. नंतर त्याला शिस्त आली ती जर्मनीतून. हेर्मान ब्रेमर याने सायलीशियातल्या ग्योर्बर्सडॉर्फला क्षयाचं आरोग्यधाम काढलं होतं. त्याचाच रोगी आणि शिष्य पेटर डेटवायलर याने फाल्केनश्टाइनला रोग्यांना उघड्या व्हरांड्यात तासन्‌तास निजवायला सुरुवात केली. १८८९ साली कार्ल टुर्बानने दावोसला कडक नियमांचं सॅनेटोरियम उघडलं आणि ही पद्धत तिथे पक्की झाली. प्रत्येक खोलीला दक्षिणेकडे तोंड असलेली बाल्कनी, तिच्यात लांब खुर्ची, अंगावर कांबळी आणि फरची पिशवी. पारा शून्याच्या खाली असला तरी रोगी बाहेरच. दिवसातून अनेकदा ताप मोजायचा, अनेकदा खायचं, बोलणं कमी. थुंकायचं तर खिशातल्या निळ्या काचेच्या बाटलीत. ही बाटलीही डेटवायलरचीच कल्पना.

कादंबरीकार थॉमस मान १९१२ साली इथे आला तो आजारी बायकोला, कात्याला, भेटायला. तीन आठवड्यांच्या त्या मुक्कामात त्यालाही सर्दी-ताप आला. तिथल्या डॉक्टरने फुप्फुसात दोष सांगून त्याला सहा महिने राहायचा सल्ला दिला. तो राहिला नाही, खाली उतरला आणि त्याने कादंबरी लिहायला घेतली. ‘द मॅजिक माउंटन’ १९२४ साली प्रसिद्ध झाली.

थंडीने रोगी खरोखर बरे होत होते का? काही होत, पण पुष्कळ मरतही होते. आणि बरे होण्याचं कारण श्पेंग्लरला वाटलं तेवढं सरळ नव्हतं. क्षय जंतूमुळे होतो हे रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखवलं. हवा रोग कसा घालवते, हा प्रश्न तिथे मागे पडून माणूस जंतूला कसा तोंड देतो, हा प्रश्न पुढे आला. स्वतः क्षयाने ग्रासलेल्या एडवर्ड ट्रूडो या अमेरिकी डॉक्टरने सॅरनॅक लेकला त्याचं एक उत्तर शोधलं. त्याने काही सशांना जंतू टोचून एका बेटावर मोकळं सोडलं, तर काहींना तसेच जंतू टोचून अंधाऱ्या, ओलसर जागेत अपुऱ्या अन्नावर कोंडलं. कोंडलेल्या पाचांपैकी चार मेले, मोकळ्या पाचांपैकी चार जगले. १८८७ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. जंतू तोच असला तरी मोकळी हवा आणि पोटभर अन्न यांनी फरक पडत होता.

ही कल्पना आपल्याकडेही आली. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वरच्या मानाने तिथे पाऊस बराच कमी आणि हवा कोरडी. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तिथे बेल-एअर हे क्षयाचं आरोग्यधाम सुरू केलं. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या प्रयत्नातून उभ्या राहिलेल्या क्षय-रुग्णालयाची वानलेसवाडी आजही त्यांचं नाव सांगते. तिथे बर्फ नव्हता आणि दावोसची थंडीही नव्हती. पण उघडा व्हरांडा, विश्रांती, दूध, अंडी आणि घरच्यांना होणाऱ्या संसर्गातून सुटका, एवढं रोग्याला मिळालं. अर्थात ज्याच्या घरी पैसा किंवा नशिबाने ओळख होती, त्यालाच.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध सापडलं, १९५२ साली आयसोनियाझिड वापरात आलं, आणि आरोग्यधामांवर शेवटचा घाव आपल्याच देशातून बसला. १९५६ साली मद्रासमध्ये वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली १९३ गरीब रोग्यांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला सॅनेटोरियम, दुसऱ्याला स्वतःचं दाटीवाटीचं घर. औषधं दोघांना सारखीच. सॅनेटोरियममध्ये अन्न चांगलं आणि आराम जास्त, तरी वर्षाअखेरीस दोन्हीकडचे निकाल जवळपास सारखे आले. १९५९ साली ते छापून आले आणि जगभरची आरोग्यधामं ओस पडायला लागली. त्याआधीच दावोसच्या सॅनेटोरियमांची हॉटेलं होऊ लागली होती. काही ठिकाणी दम्याचे रोगी येऊ लागले, कारण त्या उंचीवरच्या कोरड्या हवेत दमा भडकवणारे धुळीतले सूक्ष्म किडे फारसे तगत नाहीत.

मद्रासचा निकाल मी माझ्या पेशातली सर्वांत न्याय्य गोष्ट मानते. झोपडीतल्या बाईला बरं व्हायला आल्प्स लागत नाहीत, हे त्याने सिद्ध केलं. पण म्हणून दावोस फसवं होतं असं मी म्हणणार नाही. औषध नसलेल्या काळात थंडीला न घाबरता खिडकी उघडणारी ती माणसं एका बाबतीत अगदी बरोबर होती. खेळत्या हवेत क्षयाचे जंतू विरळ होतात, आणि उन्हात मरतात हे तर कॉखनेच नोंदवून ठेवलं आहे. कोंडलेल्या खोलीत ते घरातल्या पुढच्या माणसाची वाट पाहतात.

जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आजही भारतात आहे. तेव्हा हिवाळ्यात आजाऱ्याच्या अंगावर गोधडी जास्त घाला, कान झाका, गरम भाकरी आणि वरणाची वाटी द्या, पण खिडकी उघडी ठेवा. सकाळचं ऊन खोलीत येऊ द्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थंडीला दोष न देता थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. औषध सुरू झालं की बरं वाटलं तरी मध्येच सोडू नका.