लांडग्याला हाक : जुनी शिकार आणि आजची मोजणी

रानात मेंढरं बसवायचे दिवस आलेत. रात्री माळावरून आवाज आला की धनगर कान टवकारतो. म्हणून आज पिकाचं नाही, लांडग्याचं लिहितो.

आपल्या लांडग्याची जात शास्त्राच्या पुस्तकात गेली ती दख्खनमधूनच. 1831 साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिचं वर्णन केलं.

लांडगा टोळीनं राहतो, हद्द धरून राहतो. परक्याचा आवाज आला की हद्द सांगायला उत्तर देतो, आणि पांगलेला गडी गोळा करायलाही ओरडतो. शिकाऱ्यांनी नेमकी हीच सवय धरली. रशियात जुने शिकारी दिवस मावळताना तोंडाला दोन्ही हात लावून लांडग्यासारखे ओरडायचे आणि गप बसायचे. पिल्लं चटकन उत्तर देतात, म्हणजे टोळी कुठं हाय ते कळलं. मग माणसं घेऊन हाका करायचा. अमेरिकेत दुसरी रीत. जखमी सशासारखा आवाज शिट्टीतून काढायचा, शिकारी जनावर खाण्याच्या आशेनं आपणहून जवळ येतं.

आपल्याकडं आवाजाची कला पारध्यांची. तितराला तितराचाच आवाज काढून बोलवायचे. पण लांडगा मेला तो हाकेपेक्षा बिळावर जास्त. हिवाळ्यात मादी वितली की बिळात धूर करायचा नाहीतर पिल्लं खणून काढायची. वरून सरकारी बक्षीस. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबानं 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत देशात दोन लाखांवर लांडगे मारले गेले. आज देशात उरलेत सुमारे तीन हजार. एवढ्यावरून समजून घ्या.

1972 च्या वन्यजीव कायद्यानं लांडग्याला वाघाच्या बरोबरीचं, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण दिलं. हाक मात्र संपली नाही, तिचं काम बदललं. कॅनडातल्या अल्गोन्क्विन उद्यानात अभ्यासक स्वतः ओरडून लांडगे शोधू लागले, आणि 1963 पासून तिथं साधी माणसंही लांडग्याचं उत्तर ऐकायला जमतात. आपल्या महाराष्ट्रातल्या माळावरही अभ्यासकांनी लांडग्यांचे आवाज टिपले. 2019 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्यांनी चार प्रकारचे आवाज वेगळे काढले. माणसासारखा प्रत्येक लांडग्याचा आवाजही निराळा, त्यामुळं न पकडता, न मारता मोजणी करता येईल.

मेंढरू गेलं की जीव जळतो, ते मला सांगायला नको. गरिबाचं वर्षाचं गणित त्यात असतं. पण विष घालू नका. त्यानं आपलीच कुत्री मरतात आणि वर गुन्हा दाखल होतो. वाघर नीट लावा, राखणीला कुत्री ठेवा. जनावर मारलंच तर ते हलवू नका, लगेच वन विभागाला 1926 वर कळवा आणि पंचनामा करून घ्या. त्याशिवाय भरपाई मिळत नाही.

आणि पोरांना सांगा, गंमत म्हणून बिळाजवळ लांडग्यासारखं ओरडू नका. पिल्लं उत्तर देतात, आणि ते उत्तर ऐकणारा प्रत्येक माणूस मोजायलाच आलेला असतो असं नाही.